भाडं कमी का आहे?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्यांना विचारा, ‘पोरगं पुण्यात कुठं असतं?’ उत्तरात पाच-सहा नावंच फिरून फिरून येतात. वाघोली, चाकण, भोसरी, चिखली, मांजरी. छत्रपती संभाजीनगरात असेल तर वाळूज, बजाजनगर, मुकुंदवाडी, नाहीतर बीड बायपास. कोथरूड किंवा औंध सांगणारा क्वचित भेटतो. ही नावं कोणी नकाशा पुढ्यात घेऊन निवडलेली नाहीत. मोठा चुलतभाऊ आधी जिथे टेकला तिथेच धाकटा बॅग घेऊन उतरला. त्याच्या मागून मेव्हणा आला, मेव्हण्यामागून त्याचा दोस्त. दहा वर्षांत एका गल्लीत अर्धं गाव जमतं आणि गणपतीची वर्गणीही गावाकडच्या आडनावांनी गोळा होते.

अर्न्स्ट जॉर्ज रेव्हनस्टाईन या लंडनमध्ये राहणाऱ्या जर्मन वंशाच्या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे चाळून स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसं लांब उडी मारत नाहीत, टप्प्याटप्प्याने सरकतात, हा त्यातला एक. आपल्याकडे हा नियम कोणाला शिकवावा लागत नाही. वाडीतून तालुक्याला, तालुक्यातून शिकायला बीडला किंवा लातूरला आणि तिथून नोकरीला पुण्याला, असा प्रवास गेवराई, केज, पाटोद्याच्या हजारो घरांनी केला आहे. एसटीनेही त्याला हातभार लावला. बीडची गाडी आष्टी, कडा, अहिल्यानगर, रांजणगाव, शिक्रापूर करत वाघोली-खराडीवरून पुण्यात शिरते. मराठवाड्यातली एवढी माणसं नगर रोडला का दिसतात, याचं निम्मं उत्तर या रस्त्यात आहे. दिवाळीला रात्री अकराची गाडी जिथे हात केल्यावर थांबते, तिथे घर असलेलं बरं.

बीडला स्थलांतर नवं नाही. दिवाळीनंतर उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागला की परततात, हे जिल्ह्याचं वर्षाचं चक्र आहे. पण त्या स्थलांतरात राहायचं कुठे हा प्रश्नच नसतो. मुकादम सांगेल त्या फडाच्या कडेला, कारखान्याने दाखवलेल्या मोकळ्या जागेवर कोपी म्हणजे तात्पुरती झोपडी पडते. पाणी, उजेड, संडास यांतलं काही बघून जागा घ्यायची मुभा नसते. ज्या घरात दोन पिढ्या ऊसतोडीला गेल्या, त्या घरातला आयटीआय झालेला मुलगा चाकणला जातो तेव्हा ‘कुठल्या भागात राहू’ असं स्वतः ठरवणारा तो घराण्यातला पहिलाच असतो. त्याला घरात कोण सल्ला देणार? म्हणून तो गाववाल्याला फोन लावतो.

त्यात गैर काही नाही. गाववाला डिपॉझिटला हातउसने देतो, ठेकेदाराकडे शब्द टाकतो, ताप आला तर दवाखान्यात नेतो. अनोळखी शहरात पहिले तीन महिने एवढा आधार दुसरं कोणी देत नाही. फक्त त्याच्या सांगण्याचा अर्थ नीट लावायला हवा. गाववाला तिथे राहतो यावरून तो तिथे टिकला एवढंच कळतं. भाग चांगला आहे, इमारत कागदोपत्री धड आहे किंवा तुमच्या कंपनीला तो पत्ता सोयीचा आहे, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. तो तिथे गेला तेव्हा तोही कोणाच्या तरी सांगण्यावरूनच गेला होता.

तेव्हा गाववाल्याच्या खोलीवर पथारी जरूर टाकावी, पण कुटुंब आणण्याआधी एक प्रश्न स्वतः सोडवावा : इथलं भाडं कमी का आहे? शहरात जागा उगाच स्वस्त नसते. काहीतरी कमी असतं. पाणी कमी असेल, रस्ता कमी असेल, कागद कमी असेल किंवा अंतर जास्त असेल. ते नेमकं काय आहे हे कळलं की ते आपल्याला चालण्यासारखं आहे का, हे ठरवता येतं. एकट्या पोराला जे चालतं ते लेकरंबाळं घेऊन आलेल्याला चालत नाही, आणि उलटही.

सगळ्यात सोपं गणित अंतराचं आहे आणि तरी तेच सर्वाधिक चुकतं. शहराच्या मध्यापासून जसजसं लांब जावं तसतसं जागेचं मोल उतरतं आणि प्रवासाचा खर्च चढतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये याची रीतसर मांडणी केली. शिकागोच्या ‘सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी’ या संस्थेने पुढे त्याचा घरगुती वापरासाठी सोपा आडाखा काढला : नुसतं भाडं बघू नका, भाडं आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आत बसतात का ते बघा. आपल्या पगारांना पंचेचाळीस टक्केही जड जातात, पण दोन्ही आकडे एकत्र धरायची सवय उपयोगाची आहे.

समजा नोकरी चाकणच्या एमआयडीसीत आहे. चाकणला खोली नऊ हजारांना मिळते आणि वाघोलीत चुलतभावाच्या शेजारी सातला. दोन हजार वाचले असं वाटतं. वाघोली ते चाकण जाऊन-येऊन साठेक किलोमीटर पडतं. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १,५६० किलोमीटर होतात. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला एकतीस लिटर पेट्रोल लागतं आणि एकशेपाच रुपयांच्या भावाने सव्वातीन हजार रुपये जातात. टायर, ऑईल, चेनसेट वेगळे. रोजचे तीन तास रस्त्यावर गेले तर महिन्याला अठ्ठ्याहत्तर तास झाले, म्हणजे जवळजवळ दहा पाळ्या बिनपगारी. रात्रपाळी करून पहाटे आळंदी-मरकळ रस्त्याने डंपरांच्या मधून गाडी मारायची, ही गोष्ट तर हिशेबात धरलेलीच नाही.

मेट्रो येणार म्हणून आज जास्त पैसे देण्यातही फारसा अर्थ नाही. रामवाडीपर्यंत मेट्रो मार्च २०२४ मध्ये आली. तिथून वाघोलीकडे मार्ग वाढवायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. एजंटाच्या बोलण्यात मात्र ती केव्हाच धावू लागलेली असते. मालकाला जागेचा भाव वाढण्याची वाट बघता येते. भाडेकरूला रोज कामावर पोचायचं असतं, त्याने आज चालू असलेली बस बघावी.

पाण्याबाबत बीडच्या माणसाची एक वेगळीच गोची होते. बीड शहरात राहिलेला माणूस घर बघायला गेला की पहिला प्रश्न विचारतो, ‘पाणी किती दिवसाला येतं?’ पुण्याच्या कडेच्या भागात एजंट हसून सांगतो, ‘काका, चोवीस तास.’ माणूस सुखावतो. एजंट खोटंही बोललेला नसतो. गच्चीवरच्या टाकीतून नळाला चोवीस तास पाणी येतंच. टाकीत ते कुठून येतं, हे कोणी विचारत नाही. खाली गेटजवळ जाड पाईपची वेटोळी पडलेली दिसली, वॉचमनच्या टेबलावर टँकरच्या पावत्यांचं बाड दिसलं की समजावं, हे पाणी विकतचं आहे आणि त्याचा खर्च मेंटेनन्समधून किंवा वेगळ्या वर्गणीतून आपल्याच खिशातून जाणार आहे. म्हणून प्रश्न ‘पाणी कुठलं?’ असा विचारावा. महापालिकेचं, ग्रामपंचायतीच्या विहिरीचं, बोअरचं की टँकरचं? वॉचमन आणि तळमजल्यावरचा किराणावाला याचं उत्तर एजंटापेक्षा सरळ देतात.

हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही हे जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांना कळलं. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव (मराठवाड्यातलं नव्हे, हवेली तालुक्यातलं), किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातपाय लुळे पडतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो. पुणे परिसरात दोनशेच्या आसपास रुग्ण झाले. संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली, कारण पोट बिघडवणाऱ्या ज्या जंतुसंसर्गानंतर हा आजार उद्‌भवू शकतो, तो पाण्यावाटे पसरतो. नांदेड गाव, किरकटवाडी ही गावं ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी. वाघोली, मांजरीही त्यातलीच. कागदावर तो भाग शहर झाला होता, पण खडकवासला धरणाजवळच्या विहिरीतून या गावांना जाणारं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं औषध टाकून दिलं जात होतं. हद्द एका रात्रीत वाढते, जलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्राला वर्षं लागतात. नव्याने आलेल्या माणसाला परवडणारं घर नेमकं या मधल्या वर्षांतच मिळतं.

संभाजीनगरची तऱ्हा वेगळी. तिथे कडेचा काय आणि मधला काय, सगळ्या शहराला पाण्याने वर्षानुवर्षं रडवलं. पैठणच्या जायकवाडीवरून नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हा खर्चाचा आकडा १,६८० कोटी होता, पुढे तो हजारावर कोटींनी फुगला. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येण्याची सवय तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडली. गंमत म्हणजे त्याच जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी गेवराईवरून माजलगाव धरणापर्यंत जातं. कालव्याला लागून शेत असलेला गेवराईकर संभाजीनगरला गेला की तेच पाणी ड्रममध्ये साठवून ठेवतो.

कागदाच्या बाबतीत सावध राहायची गरज भाडेकरूपेक्षा प्लॉट घेणाऱ्याला जास्त. गावाकडची दोन एकर विकून किंवा उचल फेडून उरलेल्या पैशांत शहरात ‘आपलं काहीतरी’ असावं, असं कोणाला वाटत नाही? मग एखादा ओळखीचा माणूस बायपासच्या आत अर्धा-एक गुंठा दाखवतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. भाव इतरांपेक्षा निम्मा. व्यवहार ‘बॉण्डवर’. स्टॅम्पपेपरवर टाईप केलेला मजकूर, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का आणि चतुःसीमेत ‘पूर्वेस नियोजित रस्ता, पश्चिमेस त्याच गटाचा उर्वरित भाग’. सातबारा मागितला की उत्तर मिळतं, ‘सामाईक आहे, नंतर नाव लागंल.’

हा भाव निम्मा का, याचं उत्तर या कागदातच आहे. नोटरी फक्त सही कोणी केली हे नोंदवतो, मालकी देत नाही. स्थावर मालमत्तेच्या विक्रीला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं. शेतजमिनीचे असे बारीक तुकडे विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने आडकाठी होती, म्हणूनच व्यवहार बॉण्डवर चालत आले. या वसाहती एवढ्या वाढल्या की सरकारला २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा आणावा लागला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करावा लागला. संभाजीनगरात अशा वसाहती शंभराहून अधिक. सातारा-देवळाई हा बीड बायपासच्या पलीकडचा भाग २०१५ मध्ये महापालिकेत आला आणि तिथल्या लोकांनी रस्ता, ड्रेनेज, पाणी यांची वाट पुढेही बरीच वर्षं पाहिली. गुंठेवारीत घर घेतलेली माणसं फसलीच असं मी म्हणत नाही. कितीतरी जणांची नियमित झाली, पोरं शिकली, वर मजले चढले. पण नियमित करायला शुल्क भरावं लागतं, ते खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही, आणि रस्त्याच्या, आरक्षणाच्या किंवा नदीच्या रेषेत आलेलं घर कोणत्याही शुल्काने नियमित होत नाही. जून २०२५ मध्ये महापालिकेने मुकुंदवाडीपासून रस्त्यालगतची बांधकामं पाडायला सुरुवात केली आणि मोहीम बीड बायपास, पैठण रोडकडे सरकली, तेव्हा ही गोष्ट अनेकांना जेसीबी दारात आल्यावर कळली.

घरपट्टीची पावती आहे, लाईट मीटर आहे, म्हणजे घर पक्कं, असा आपल्याकडे ठाम समज आहे. तो सोडून द्यावा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने अनधिकृत घरांकडून कितीतरी वर्षं मूळ कराबरोबर शास्तीकर म्हणजे दंडाचा करही वसूल केला आणि तो माफ झाला २०२३ मध्ये. थोडक्यात, कर घेतला म्हणून पालिका घराला मान्यता देत नाही. याची सगळ्यात कडू आठवण चिखलीची आहे. इंद्रायणीकाठी निळ्या पूररेषेत बांधलेले छत्तीस बंगले १७ मे २०२५ रोजी एका दिवसात पाडले गेले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, तिथेही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. त्या झोपड्या नव्हत्या, आयुष्याची पुंजी घालून बांधलेली पक्की घरं होती.

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. नदीकाठची जागा स्वस्त आणि मोकळी दिसते, कारण शहाण्या बिल्डरने ती सोडलेली असते. भाडेकरूलाही हे बघितल्यावाचून गत्यंतर नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे झाले ते तळमजल्यात पाणी शिरल्यावर. खरं म्हणजे पूर काय करतो हे बीडकरांना बाहेरून शिकायचं कारण नाही. एरवी कोरडी ठाक पडलेली बिंदुसरा १९८९ मध्ये शहरात घुसली होती आणि माणसं वाहून गेली होती. त्या पिढीतली माणसं आजही जागा बघताना आधी नदी कुठे आहे विचारतात. पुण्यात नदीच्या जागी ओढा धरा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी काठच्या वस्त्यांत घुसून माणसांचे जीव गेले, ते आठवा. शेतकऱ्याच्या पोराला उतार वाचता येतो. पाणी कुठून येऊन कुठे जाईल हे त्याला बांधावर उभं राहून कळतं, मग सोसायटीच्या गेटवर उभं राहून का कळू नये? भिंतीवरचा ओलीचा पट्टा जमिनीपासून किती उंच आहे, हेही बघून ठेवावं. रंग ताजा असेल तर शेजारच्या इमारतीचा बघावा.

सुरक्षिततेबद्दल बोलताना लोक आधी चोऱ्यामाऱ्यांचा विचार करतात. आकड्यांवरून फारसं हाती लागत नाही, कारण गुन्ह्यांची नोंद पोलीस ठाण्यानुसार होते, गल्लीनुसार नाही, आणि कडेच्या भागात एका ठाण्याची हद्द अवाढव्य असते. वाघोलीला स्वतःचं पोलीस ठाणं २०२४ मध्ये मिळालं. तोवर कारभार लोणीकंदहून चालायचा. गल्लीचा अंदाज डोळ्यांनीच घ्यावा लागतो. जेन जेकब्ज या न्यूयॉर्कच्या लेखिकेने १९६१ मध्ये शहरांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात सांगितलं की रस्ता पोलिसांपेक्षा त्यावर सतत असलेल्या माणसांच्या नजरेने सुरक्षित राहतो. दुकानदार, खिडकीतल्या बाया, येणारे-जाणारे. पुण्यात याचा पुरावा २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत मिळाला. भर सकाळी एका तरुणीवर कोयता उगारला गेला आणि तिथल्या गल्लीतून जाणाऱ्या, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी धावून जाऊन तिला वाचवलं. सदाशिव, नारायण, नवी पेठेत अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसच्या खोल्या यांची एवढी दाटी आहे की पहाटे पाचलाही चहाच्या टपरीवर चार जण असतात. मराठवाड्यातल्या मुलींचे वडील मुलीला एमपीएससीसाठी तिथल्या कोंदट, महाग खोलीत ठेवतात, ते उगाच नाही.

एमआयडीसीलगतच्या भागात उलट चित्र असतं. पाळी सुटते तेव्हा रस्ता फुलतो आणि अर्ध्या तासात ओस पडतो. बायको किंवा बहीण कामाला जाणार असेल तर दुपारी खोली बघून काही उपयोग नाही. सेकंड शिफ्ट सुटते त्या वेळी, रात्री अकरा-बाराला, कंपनीची बस जिथे सोडते तिथून खोलीपर्यंत एकदा चालत जावं. किती दिवे लागतात, किती दुकानं उघडी आहेत, मधे मोकळा प्लॉट किंवा भंगाराचं गोडाऊन आहे का, कुत्री किती आहेत, हे सगळं त्या दहा मिनिटांत कळतं.

आणि चोराइतकाच डंपरही माणूस मारतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्यावर मध्यरात्री डंपर फूटपाथवर चढला. तिथे झोपलेल्या मजूर कुटुंबांतल्या तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान लेकरं होती. माणसं अमरावतीकडून कामासाठी आली होती. बांधकामाचा जोर असलेल्या भागात घरं स्वस्त असतात आणि खडी-वाळूच्या गाड्याही तिथेच सर्वाधिक असतात. पोराची शाळा मुख्य रस्त्याच्या पलीकडे असेल तर घराचे दोन हजार वाचवून काय करणार? शाळा, दवाखाना, भाजी हे सगळं रस्त्याच्या एकाच बाजूला मिळत असेल तर त्यासाठी थोडं जास्त भाडं द्यावं, असं माझं मत आहे.

एक विषय टाळता येण्यासारखा नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर जिल्ह्याचं नाव महिनोन्‌महिने टीव्हीवर ज्या तऱ्हेने येत राहिलं, त्याची झळ खोली शोधणाऱ्या पोरांनाही बसली. घरमालक विचारतो, ‘गाव कुठलं?’ ‘बीड’ म्हटलं की क्षणभर थांबतो. मग ‘फॅमिलीला द्यायचीय’ म्हणतो. काही पोरं गाव सांगायचं टाळून नगरच सांगून मोकळी होतात. ते करू नये, कारण आधारकार्डावर पत्ता असतोच आणि लपवलेलं बाहेर आलं की संशय दुप्पट होतो. त्यापेक्षा कंपनीचं ओळखपत्र, पगाराची स्लिप आणि पोलीस पडताळणीची तयारी पहिल्याच भेटीत दाखवलेली बरी. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाईन देता येते, तिला घाबरण्यासारखं काही नाही. तरीही जो मालक नुसत्या जिल्ह्याच्या नावावरून नाही म्हणतो, त्याच्या घरात पुढे अकरा महिने सुखाने जातील अशी आशा कमीच.

भाडेकरार तोंडी ठेवू नका. गाववाल्याची खोली असली तरी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्यात पोराच्या फायद्याची एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते : नोंदणीकृत करार नसेल तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे सांगायची वेळ सहसा येत नाही, पण डिपॉझिट कापायची भाषा सुरू झाली की हे कलम आठवावं. खरेदीचा विचार असेल तर महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी आणि ताबा द्यायची तारीख दिसते, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागाचा रेडी रेकनर म्हणजे सरकारने ठरवलेला दर असतो. विकणारा रेडी रेकनरपेक्षा फारच खाली भाव सांगत असेल तर तो मोठ्या मनाचा आहे म्हणून नव्हे.

बहुतेक कुटुंबं शाळेच्या हिशेबाने जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवतात. खोल्यांना मागणी तेव्हाच सर्वाधिक असते आणि एजंट एका दिवसात ‘हो की नाही’ मागतो. ज्याला जमेल त्याने मार्च-एप्रिलमध्ये एकट्याने यावं, कॉट बेसिसवर किंवा गाववाल्याकडे राहावं आणि मे महिना त्याच भागात काढावा. टँकर रोज किती येतात ते तेव्हाच कळतं. कुटुंबासाठी खोली घेताना करारात ‘लॉक-इन’ कलम असतं, म्हणजे अमुक महिने घर सोडता येणार नाही, सोडलं तर डिपॉझिट जाईल. एजंट छापील मसुद्यात सहा महिने लिहून आणतो. तो आकडा वाटाघाटीचा असतो. जूनमध्ये सही करत असाल तर तो एक महिन्यावर आणा आणि नोटीस पिरियडही एकच महिना ठेवा, म्हणजे जुलैच्या पावसात गल्लीत पाणी तुंबलं तर ऑगस्टमध्ये निघता येईल.